सर्व्हरवरील दूरस्थ लॉगिन सुरक्षित कसे करावे: क्रम आणि पडताळणी

नवा सर्व्हर सार्वजनिक आयपी पत्त्यावर सुरू झाला की फारसा वेळ न जाता त्याच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) एक ठरावीक ओळ दिसू लागते: ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन’. मागोमाग ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’, ‘पोस्टग्रेस’ ही नावे येतात आणि अधूनमधून ‘रूट’ (सर्वाधिकारी खाते) तर असतेच. कोणी तुमच्यावर डूख धरून हे करत नसते. इंटरनेटवरील पत्ते एकापाठोपाठ एक चाचपणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात आणि कुठेतरी कोणीतरी सोपा पासवर्ड ठेवलेला असणार, यावरच त्यांची सगळी भिस्त असते. सर्व्हरने पासवर्ड स्वीकारणेच बंद केले की यातले बहुतेक प्रयत्न निरुपद्रवी ठरतात. त्यामुळे पासवर्डऐवजी किल्लीने (आपल्या संगणकावर ठेवलेल्या गुप्त फाइलने) लॉगिन करणे हा या कामाचा गाभा आहे आणि बाकीचे उपाय त्याला जोड देणारे आहेत.

काम अवघड नाही, पण त्यात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. घाईने सेटिंग बदलून स्वतःच बाहेर अडकणे ही पहिली, आणि ती निदान लगेच कळते तरी. दुसरी अधिक घातक आहे: पासवर्ड बंद केल्याची ओळ फाइलमध्ये लिहिलेली असते, प्रशासक निश्चिंत असतो आणि सर्व्हर मात्र पासवर्ड विचारतच राहतो. म्हणून काय लिहावे हे सांगतानाच, लिहिलेले खरोखर लागू झाले का हे कसे पाहावे, यावरही पुढे तितकाच भर दिला आहे.

पुढील मजकूर डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट कुळातील लिनक्स सर्व्हरांवरील ओपनएसएसएच (दूरच्या यंत्रावर सांकेतिक जोडणीतून लॉगिन करण्याच्या एसएसएच प्रोटोकॉलचा प्रोग्रॅम) गृहीत धरून लिहिला आहे. आदेश, फाइली व सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती आकड्यांसह रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत टाइप करावीत.

एसएसएच प्रोटोकॉल १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील तातू इलोनेन यांनी तयार केला. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्याची घटना त्यामागे होती, कारण त्या काळी वापरात असलेली टेलनेट आणि आरलॉगिन ही साधने पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवत असत. ओपनबीएसडी प्रकल्पातून १९९९ मध्ये ओपनएसएसएच आले आणि आज बहुतेक लिनक्स वितरणांत तेच वापरले जाते. एखाद्या जुन्या यंत्रावर टेलनेट अजून चालू असेल, तर ते बंद केल्याशिवाय पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही.

आधी परतीची वाट

पहिल्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी, एसएसएच पूर्ण बंद पडले तरी सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग आहे का, हे पाहावे. भाड्याच्या आभासी सर्व्हरला पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून उघडणारा कन्सोल असतो, तर स्वतःच्या यंत्राला पडदा व कळफलक जोडता येतो किंवा स्वतंत्र व्यवस्थापन पोर्ट असतो. तो मार्ग नुसता माहीत असून भागत नाही. त्याने एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, कारण अनेक आयत्या प्रतिमांमध्ये (ज्यांवरून नवा सर्व्हर काढतात त्या तयार साच्यांमध्ये) कोणत्याच खात्याला पासवर्ड नसतो आणि मग कन्सोल उघडतो, पण आत जाता येत नाही.

दुसरी सवय अशी की, बदल चालू असताना एक एसएसएच सत्र उघडे ठेवावे आणि प्रत्येक बदल दुसऱ्या खिडकीत नवे लॉगिन करून तपासावा. सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीचे सत्र सहसा तुटत नाही, त्यामुळे नवे लॉगिन फसले तर जुन्या खिडकीतून चूक दुरुस्त करता येते.

सर्व्हर तोच आहे ना?

पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी छोटी अक्षरमाला) दाखवते आणि पुढे जायचे का असे विचारते. बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टाइप करतात. पण मध्येच कोणी बसलेला असेल तर तो ओळखू येण्याची हीच एक जागा असते. एकदा होकार दिला की ती किल्ली तुमच्या संगणकावरील ‘नोन_होस्ट्स’ या फाइलमध्ये नोंदली जाते आणि पुढे प्रश्नच विचारला जात नाही. म्हणून आधी कन्सोलवरून सर्व्हरमध्ये जाऊन ‘एसएसएच-कीजेन -एल -एफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब’ हा आदेश द्यावा. ‘एसएचए२५६’ने सुरू होणारा जो ठसा मिळेल तो आपल्या संगणकावर दिसणाऱ्या ठशाशी पडताळावा. ओपनएसएसएच ८.० पासून ‘येस’च्या जागी हा ठसाच चिकटवता येतो आणि जुळवणी प्रोग्रॅम स्वतः करतो. डोळ्यांनी अक्षरे ताडून पाहण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

पुढे कधी सर्व्हरची ओळख बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा दिसला, तर आधी कारण शोधावे. सर्व्हर नव्याने स्थापित केला असेल तर इशारा साहजिक आहे आणि ‘एसएसएच-कीजेन’ला मोठ्या ‘आर’चा पर्याय देऊन जुनी नोंद काढता येते. कारण सापडत नसेल तर नोंद काढू नये. एकाच प्रतिमेवरून अनेक आभासी सर्व्हर काढणाऱ्यांनी प्रत्येकावर यजमान किल्ल्या (सर्व्हरच्या स्वतःच्या ओळखीच्या किल्ल्या) नव्याने तयार होतात ना, हेही पाहावे. नाहीतर सगळ्यांची ओळख एकच राहते.

किल्ली तयार करणे

किल्ली आपल्या स्वतःच्या संगणकावर तयार करावी, सर्व्हरवर नव्हे. आदेश आहे ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’. त्यातून दोन फाइली तयार होतात: खासगी किल्ली, जी त्या संगणकाबाहेर कधीच जाऊ नये, आणि ‘.पब’ने संपणारी सार्वजनिक किल्ली, जी कोणालाही दिली तरी चालते. ईडी२५५१९ हा प्रकार ओपनएसएसएच ९.५ पासून, म्हणजे २०२३ पासून, न सांगताच निवडला जातो. समोरचे यंत्र फार जुने असून त्याला हा प्रकार कळत नसेल तर आरएसए वापरावे, मात्र किल्ली किमान ३०७२ बिटांची असावी. डीएसए आता हद्दपार झाले आहे. कोणाच्या फाइलीत ‘एसएसएच-डीएसएस’ने सुरू होणारी ओळ दिसली तर ती सरळ काढून टाकावी.

आदेश खासगी किल्लीला कुलूप लावणारे सांकेतिक वाक्य विचारतो तेव्हा ते रिकामे सोडण्याचा मोह होतो. लॅपटॉप हरवला, तर खासगी किल्लीची फाइल आणि सर्व्हर यांच्यामध्ये हे वाक्यच काय तो अडसर असते. चार-पाच असंबद्ध शब्दांचे वाक्य लक्षात राहते आणि ‘एसएसएच-एजंट’ (उघडलेली किल्ली स्मृतीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर ते प्रत्येक लॉगिनला द्यावे लागत नाही. स्वयंचलित कामांसाठी वाक्याविना किल्ली लागतेच, पण ती माणसांच्या किल्लीपेक्षा वेगळी असावी. सर्व्हरवरील तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ आणि ‘कमांड’ हे निर्बंध घालावेत, म्हणजे ती ठरलेल्या पत्त्यावरून ठरलेला एकच आदेश चालवू शकेल.

ज्यांना आणखी एक पायरी वर जायचे आहे त्यांनी यूएसबी सुरक्षा किल्ली वापरावी. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, ‘ईडी२५५१९-एसके’ हा प्रकार उपलब्ध आहे. त्यात संगणकावरील फाइल चोरली गेली तरी ती एकटी उपयोगाची नसते, कारण लॉगिनच्या वेळी ते उपकरण जोडून त्याला बोट लावावे लागते. अशी उपकरणे दोन घ्यावीत आणि दोन्हींच्या किल्ल्या नोंदवाव्यात. एकच असेल तर ते हरवले की पुन्हा कन्सोलची पायरी चढावी लागते.

किल्ली सर्व्हरवर पोहोचवणे

रोजच्या कामासाठी रूट खाते वापरू नये. प्रत्येक प्रशासकाचे स्वतंत्र खाते उघडावे, त्याला सुडोचे (गरजेपुरते रूटच्या अधिकाराने आदेश चालवण्याचे) अधिकार द्यावेत आणि त्या खात्यात त्याचीच किल्ली ठेवावी. एक खाते चौघांत वाटून घेतले की अमुक आदेश कोणी दिला याचा माग लॉगमधून काढणे फार अवघड होऊन बसते.

पासवर्ड अजून चालू आहे तोवर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ या आदेशाने सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील खात्यात सहज पोहोचते. ती होम डिरेक्टरीतील ‘.एसएसएच/ऑथोराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये एका ओळीत बसते. हाताने चिकटवत असाल तर ती ओळ मध्येच तुटलेली नाही, हे पाहावे.

इथे अडणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा किल्लीत नसते, परवानग्यांत असते. ‘.एसएसएच’ डिरेक्टरीला ७०० (फक्त मालकाला प्रवेश), ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचन-लेखन) आणि होम डिरेक्टरीवर गटाला किंवा इतरांना लिहिण्याचा अधिकार नाही, अशी मांडणी हवी. शिवाय या सगळ्यांचा मालक तो वापरकर्ताच असावा. यात गफलत असेल तर सर्व्हर किल्लीकडे दुर्लक्ष करतो आणि समोरच्याला काही न सांगता पासवर्ड विचारतो. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. हा लॉग डेबियन व उबुंटूवर ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ने दिसतो, तर रेड हॅट कुळात सेवेचे नाव ‘एसएसएचडी’ असे आहे. त्याच कुळात परवानग्या ठीक असूनही किल्ली नाकारली गेली, तर एसईलिनक्सच्या (लिनक्सवरील जादा सुरक्षा-नियंत्रणाच्या) खुणा बिघडलेल्या असू शकतात. ‘रिस्टोअरकॉन’ हा आदेश मोठ्या ‘आर’सह ‘.एसएसएच’ डिरेक्टरीवर चालवावा.

किल्लीने लॉगिन होते आणि आत गेल्यावर सुडोही चालते, हे दुसऱ्या खिडकीत पाहिल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

पासवर्ड बंद करणे

मुख्य फाइल ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’ ही आहे. नव्या वितरणांत तिच्या सुरुवातीलाच ‘इन्क्लूड’ची ओळ असते, जी ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या डिरेक्टरीतील ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइली नावांच्या क्रमाने वाचते. आता या प्रोग्रॅमचा एक नियम नीट लक्षात घ्यावा, कारण तो इतर अनेक प्रोग्रॅमांच्या उलट आहे: एकच सेटिंग दोनदा आले तर पहिले मान्य होते आणि नंतरचे सोडून दिले जाते.

याचा परिणाम क्लाउडवरील सर्व्हरवर स्पष्ट दिसतो. तेथे ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल अनेकदा आधीपासून असते आणि तिच्यात ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ अशी एकच ओळ असू शकते. प्रशासक मुख्य फाइलमध्ये तळाशी ‘नो’ लिहितो, सेवा पुन्हा सुरू करतो, त्रुटी येत नाही, आणि पासवर्ड चालूच राहतो. शेवटचे लिहिलेले लागू होते या समजुतीने आपली फाइल ‘९९’ने सुरू केली तरी तेच घडते. म्हणून आपली फाइल ‘००’ने सुरू होणाऱ्या नावाची ठेवावी. तिच्यात पुढील सेटिंग प्रत्येकी वेगळ्या ओळीवर असावीत: ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’, ‘केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो’, ‘परमिटरूटलॉगिन नो’ आणि ‘अलाउग्रुप्स’च्या पुढे प्रशासकांच्या गटाचे नाव.

यातले दुसरे सेटिंग विसरले जाते. पॅम (लिनक्समधील ओळख तपासणारी सामायिक यंत्रणा) चालू असेल तर त्या वाटेनेही पासवर्ड विचारला जाऊ शकतो, आणि मग पहिले सेटिंग ‘नो’ असूनही दार उघडेच राहते. जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन’ असे होते. किल्लीच्या जोडीला मोबाइलवरील सहा अंकी संकेत वापरायचा असेल, तर मात्र हे चालू ठेवून ‘ऑथेंटिकेशनमेथड्स’मध्ये दोन्ही पद्धती सक्तीच्या कराव्या लागतात. तिसऱ्या सेटिंगचे मूळ मूल्य २०१५ मधील ७.० आवृत्तीपासून असे आहे की रूटला पासवर्डने येता येत नाही, पण किल्लीने येता येते. ‘नो’ लिहिल्यावर तेही बंद होते. चौथ्यासाठी, त्या गटात आपण स्वतः आहोत का, हे ‘आयडी’ आदेशाने आधीच पाहावे.

बऱ्याच याद्यांमध्ये ‘मॅक्सऑथट्राइज’ सहावरून तीनवर आणावे असे सुचवलेले असते. पासवर्ड बंद केल्यावर त्याचा फायदा थोडा आणि त्रास अधिक, असे माझे मत आहे. ज्याच्या एजंटमध्ये पाच किल्ल्या आहेत त्याची योग्य किल्ली चौथ्या क्रमांकावर असली, तर सर्व्हर त्याआधीच जोडणी तोडतो. ते ठेवायचेच असेल तर आपल्या संगणकावरील ‘.एसएसएच/कॉन्फिग’ फाइलमध्ये त्या सर्व्हरसाठी ‘आयडेंटिटीफाइल’ आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहावे.

फाइल जतन केल्यावर ‘सुडो एसएसएचडी’ला लहान ‘टी’चा पर्याय देऊन लिखाणातल्या चुका तपासाव्यात, चूक असताना सेवा पुन्हा सुरू केली तर ती उभीच राहणार नाही. नंतर मोठ्या ‘टी’चा पर्याय द्यावा. तो सर्व फाइली वाचून अंतिमतः कोणती मूल्ये ठरली ती छापतो, आणि फाइलमध्ये आपण काय लिहिले यापेक्षा ही यादी महत्त्वाची आहे. फाइलींत कुठे ‘मॅच’चे (ठरावीक वापरकर्त्यांपुरती वा पत्त्यांपुरती सेटिंग बदलणारे) खंड असतील, तर त्याच आदेशाला मोठ्या ‘सी’च्या पर्यायाने वापरकर्त्याचे नाव व पत्ता द्यावा, नाहीतर त्या खंडांतली सूट या यादीत दिसत नाही.

यानंतर ‘सिस्टमसीटीएल रिलोड’ने सेवेला नवी सेटिंग वाचायला लावावी आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा दुसऱ्या खिडकीतून मुद्दाम किल्लीविना जाण्याचा प्रयत्न करावा: ‘एसएसएच -ओ पबकीऑथेंटिकेशन=नो’ आणि पुढे खात्याचे नाव व सर्व्हरचा पत्ता. पासवर्ड न विचारता ‘परमिशन डिनाइड’ आले पाहिजे. त्या संदेशाच्या शेवटी कंसात सर्व्हर स्वीकारत असलेल्या पद्धतींची नावे असतात. तेथे फक्त ‘पब्लिककी’ दिसले तर काम झाले. रेड हॅट कुळात ‘जीएसएसएपीआय’ने सुरू होणारी नावेही दिसू शकतात, ती पासवर्डची नव्हेत. मात्र ‘पासवर्ड’ किंवा ‘कीबोर्ड-इंटरअ‍ॅक्टिव्ह’ यांपैकी काही दिसले, तर पुन्हा मोठ्या ‘टी’च्या यादीकडे वळावे.

पोर्ट, फायरवॉल आणि बंदी

एसएसएचचा नेहमीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २२ बदलल्याने सुरक्षितता वाढते असे मानू नये. लॉगमधला गोंगाट पुष्कळ कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि नेटाने शोधणाऱ्याला नवा पोर्ट थोड्याच वेळात सापडतो. बदलायचाच असेल तर १०२४ च्या खालचा मोकळा क्रमांक घ्यावा, कारण त्यावरच्या पोर्टवर सर्व्हरवरील कोणतेही साधे खाते आपला प्रोग्रॅम बसवू शकते. रेड हॅट कुळात नवा पोर्ट एसईलिनक्सला ‘सेमॅनेज’ने कळवावा लागतो. नव्या उबुंटूत पोर्टवर सेवेऐवजी ‘एसएसएच.सॉकेट’ कान देऊन असते, त्यामुळे ‘डीमन-रिलोड’ करून ते सॉकेट पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा पोर्ट लागू होत नाही.

फायरवॉल लावताना क्रम उलटा झाला की बाहेर अडकायला होते. यूएफडब्ल्यू हा फायरवॉलचा प्रोग्रॅम असेल तर आधी एसएसएचला परवानगी द्यावी आणि नंतरच ‘एनेबल’ म्हणावे. तुमचे पत्ते ठरावीक असतील, तर फक्त त्यांनाच किंवा व्हीपीएनलाच पोर्ट उघडा ठेवणे हा या सगळ्यांतला सर्वांत ठोस उपाय होय. फेल२बॅनसारखा प्रोग्रॅम वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांवर तात्पुरती बंदी घालतो. किल्लीच चालते अशा सर्व्हरवर तो असला तर बरा, नसला तरी अडत नाही.

दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाताना

आतल्या सर्व्हरपर्यंत मधल्या सर्व्हरवरून जायचे असेल तर अनेक जण एजंट पुढे पाठवण्याचा ‘-ए’ हा मोठ्या अक्षराचा पर्याय वापरतात. तो टाळावा, कारण तुम्ही जोडलेले असेपर्यंत मधल्या सर्व्हरवरील रूट तुमचा एजंट वापरून तुमच्या नावाने इतरत्र लॉगिन करू शकतो. त्याऐवजी मोठ्या ‘जे’चा पर्याय किंवा कॉन्फिग फाइलमधील ‘प्रॉक्सीजंप’ वापरावे. त्यात मधला सर्व्हर फक्त सांकेतिक प्रवाह पुढे ढकलतो आणि किल्लीचा व्यवहार थेट तुमच्या संगणकाशी होतो.

पुढची देखभाल

किल्ली कितीही भक्कम असली तरी प्रोग्रॅममधल्या दोषापुढे तिचा इलाज चालत नाही. जुलै २०२४ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०२४-६३८७ हा दोष असाच होता: कोणतीही ओळख न देता, लॉगिनपूर्वीच, ग्लिबसी ही मूलभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर रूटच्या अधिकाराने आदेश चालवण्याची शक्यता त्यात होती. त्यामुळे सुरक्षा अद्यतने आपोआप लागतील अशी व्यवस्था करावी. मात्र ‘एसएसएच’ला मोठ्या ‘व्ही’चा पर्याय दिल्यावर दिसणाऱ्या क्रमांकावरून दुरुस्ती झाली की नाही, हे ठरवू नये. वितरणे जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवतात, म्हणून पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि त्याची बदलनोंद पाहावी.

कोणी प्रशासक संघातून बाहेर पडला की ‘पासडब्ल्यूडी -एल’ने त्याचे खाते बंद केल्याचे समाधान मानले जाते. हा आदेश फक्त पासवर्डला कुलूप लावतो, आणि पॅम चालू असलेल्या सर्व्हरवर त्याची किल्ली पूर्वीसारखीच चालत राहते. ‘यूजरमॉड --एक्सपायरडेट १’ने खात्याचीच मुदत संपवावी आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’मधील ओळ काढावी. रूटसह इतर सर्व खात्यांत त्याच किल्लीची प्रत आहे का, हेही शोधावे, कारण सोयीसाठी ती दुसरीकडे चिकटवलेली असणे अगदी शक्य असते. एवढे करूनही आधीपासून उघडे असलेले सत्र चालूच राहते. ‘हू’ या आदेशाने ते आहे का पाहावे आणि असल्यास ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर’ने बंद करावे, त्या खात्याच्या नावाने लावलेली क्रॉनची (वेळापत्रकाने आपोआप चालणारी) कामेही त्याच बैठकीत तपासून काढावीत.